बॅटरीचा चार्ज

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यात सापडला, हे कुणी विचारलं तर मला थांबून आठवावं लागतं. ही एक घटना मात्र कशातही मिसळत नाही. ती आठवली की आधी राग येतो, आणि मग तो काढायचा कुणावर हेच कळत नाही.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. कौलारू इमारत, एक कोठडी, मागे पत्र्याची मुद्देमाल खोली. हद्द मात्र लांबरुंद. डिंभे धरणाच्या पाण्याच्या दोन्ही काठांची गावं, तिथून थेट सह्याद्रीच्या कड्यापर्यंत, आणि श्रावणात वर भीमाशंकरचा बंदोबस्त. सकाळी हजेरी, मग कोठडीच्या गार्डची बदली, मग दिवसभर बांधाची भांडणं. गार्डची बदली मी स्वतः उभा राहून बघत असे. जुना पहारेकरी नव्याला कुलूप दाखवतो, बंदुका दाखवतो, आरोपी दाखवतो, आणि नवा "चार्ज घेतला" असं तोंडानं म्हणेपर्यंत जुन्यानं जागा सोडायची नसते. मग त्याच्या घरात आग लागलेली असो.

त्या वर्षी खोऱ्यातल्या मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जाऊ लागल्या. आमच्याकडे वीज जाते ती परत कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि तेवढा वेळ टॉवर चालतो तो या बॅटऱ्यांवर. त्या गेल्या की सगळं खोरं मुकं. कंपनीचे लोक तक्रारी देऊन जायचे, आम्ही नोंदवून घ्यायचो, आणि खरं सांगायचं तर कुणाचं काही अडत नव्हतं. मग एके दिवशी गवत कापताना एका बाईला साप चावला. तिचा नवरा फोन हातात धरून टेकडी चढला, उतरला, दुसऱ्या टेकडीवर चढला. रुग्णवाहिकेला फोन लागलाच नाही. बाई जीपमध्ये, घोडेगावचा दवाखाना यायच्या आत गेली.

दुसऱ्या दिवशी लोक ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसले. घोषणा नाहीत, दगड नाहीत. तिचा दीर तेवढा बोलला. म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीवर वायरलेस हाय. आमाला काय हाय?"

मी चोर आणून दाखवीन एवढंच म्हणालो.

खबर दिली ती फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं. या माणसाच्या खबरा सहसा खोट्या नसत, कारण तो स्वतः काही ठरवायचा नाही, ऐकलेलं तसंच्या तसं आणून द्यायचा. त्यानं सांगितलं, "धरणाच्या काठाला नव्या गावठाणात बॅटरीवाला म्हातारा हाय बघा, त्याच्या गोठ्यात माल उतरलाय. चौघांनी धरून उतरवला. लई जड व्हता."

"बॅटरीवाला?"

"समदं गाव त्याला बॅटरीवालाच म्हणतंय साहेब. त्याच्या बापालाबी तेच म्हणायचे."

आमच्या ठाण्याचे जुने हवालदार त्याच भागातले, तोंडाचे तिखट. ते म्हणाले, "चोरानं दारावर पाटीच लावलीय म्हणल्यावर आपण आणखी काय करायचं, राव?"

सकाळी दोन पंच घेऊन आम्ही गेलो. म्हातारा अंगणात कुदळ घेऊन वाफा खणत होता. सत्तरीच्या पुढचा, बारीक कापलेले केस, अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी. पोलीस दारात आले की माणसं सहसा दोन गोष्टी करतात. एक तर घरात जातात, नाही तर उगाच हसतात. यानं कुदळ खाली ठेवली आणि पाय जुळवून ताठ उभा राहिला.

गोठ्यात पेंढ्याखाली गोणपाटात गुंडाळलेली वस्तू निघाली. गोणपाट सोडलं तर आत लोखंडाचा एक जाडजूड गोल तुकडा. जात्यापेक्षा मोठा, कडेला स्क्रूसारखे आटे, पण मधेमधे कापल्यासारखे सपाट, वर एक पितळी मूठ. आणि तेलानं असा पुसलेला, की हवालदारांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. एक पंच म्हणाला तेलघाण्याचा भाग असेल. दुसरा म्हणाला उसाच्या चरकाचा. बॅटरी मात्र एकही नव्हती. म्हातारा आणि वस्तू, दोघांनाही ठाण्यात आणलं. ती वस्तू उचलताना म्हातारा वाकून बघत राहिला, कुठे आपटत तर नाही ना म्हणून.

ठाण्यात मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. चहा मागवला. तो म्हणाला, "न्हाई साहेब. गार्डवर हाय." हवालदारांनी माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं.

मी विचारलं, "बॅटरी कुठंय?"

"समुद्रावर."

"समुद्रावर कुणाला विकली?"

"विकंल कशी? बॅटरी हाय तिथंच हाय. कड्यावर."

"किती होत्या?"

"एकच. दोन तोफांची."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी समजावून सांगितलं, "बाबा, साहेब फोनची इचारत्यात."

"फोनबी व्हता की," म्हातारा म्हणाला, "खालच्या खोलीत. त्याची वायर कवाच तुटली."

खोटं बोलणारा माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. हा प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेत होता आणि मगच बोलत होता. मी पेन बंद करायला सांगितलं आणि म्हणालो, बाबा, पहिल्यापासून सांगा.

लष्करी भाषेत बॅटरी म्हणजे तोफांचा एक संच आणि त्याची जागा. मला हे माहीत असायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण पोलीस ठाण्यात बॅटरी म्हणजे बॅटरीच. म्हाताऱ्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात गोलंदाज होता. शत्रूची जहाजं समुद्रातून येतील या भीतीनं तेव्हा किनाऱ्यावर बंदरांच्या आणि खाड्यांच्या तोंडाशी लांब पल्ल्याच्या तोफा बसवल्या होत्या. अशाच दोन तोफांजवळ, कोकणातल्या एका कड्यावर हा आंबेगावचा माणूस जाऊन उभा राहिला, ज्यानं त्याआधी घोडनदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. शत्रू आला नाही. युद्ध संपलं. पुढे विमानं आली, क्षेपणास्त्रं आली, आणि किनाऱ्यावर रोवलेल्या तोफांचा कुणालाच उपयोग उरला नाही. त्या पलटणी हळूहळू मोडल्या. माणसं दुसरीकडे पाठवली, दारूगोळा नेला, दुर्बिणी नेल्या. दोन तोफा जड म्हणून राहिल्या, आणि त्या सांभाळायला म्हणून बाप राहिला. जाताना पलटणीच्या साहेबानं सांगितलं होतं, तुला रिलीव्ह करायला माणूस येईल, तोवर पोस्ट सोडू नको.

माणूस आला नाही. पुढे पगारही यायचा थांबला. बाप तिथंच राहिला, मासळीच्या होड्यांवर मजुरी करून, आणि दर पावसाळा संपला की तोफांचा गंज काढून त्यांना तेल द्यायचा. मुलगा तिथंच वाढला. बाप मेला तेव्हा मुलाला तोच हुकूम देऊन गेला. मुलगा पोटासाठी गावी परतला, गाव धरणात गेलं, नव्या गावठाणात घर बांधलं, पण दसरा झाला की तेलाचा डबा घेऊन माळशेज उतरायचा. गावानं बापाचं नाव मुलाला लावलं. बॅटरीवाला.

"आणि ही वस्तू?" मी विचारलं.

"ब्रीच," तो म्हणाला. "तोफंचं मागलं दार. गोळा आत घातला का हे लावायचं, पाव फेरा द्यायचा."

त्या वर्षी तो कड्यावर गेला तेव्हा तिथं गॅस कटर चालू होता. कुणी तरी तोफा भंगारात विकत घेतल्या होत्या. एका तोफेचे तुकडे झाले होते, दुसरीचा नंबर लागायचा होता. कापणारे जेवायला बसले होते. बापानं शिकवलेलं त्याला पाठ होतं. पोस्ट शत्रूच्या हातात जाणार असं दिसलं, तर ब्रीच काढून न्यायची, म्हणजे शत्रूला तोफ मिळत नाही, नुसता पाइप मिळतो. त्यानं तेच केलं. भाच्याचा टेम्पो होता, दोन खलाशी ओळखीचे होते.

हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदा जरा वर चढला. "दुश्मनाला तोफ न्हाई दिली, साहेब."

हवालदार हळूच म्हणाले, "बाबा, त्याला पाइपच पाहिजे व्हता."

तोफेचं लोखंड किलोवर जातं, हा विचार म्हाताऱ्याच्या मनाला शिवलाच नव्हता. बापानं शिकवलेल्या शत्रूला तोफ हवी होती.

तपासाचा धागा मिळाला तो त्याच्या पुढच्या वाक्यात. तुकडे भरलेल्या ट्रकच्या मागं तो टेम्पोनं घाट चढून आला होता. तो ट्रक आमच्याच बाजूला, महामार्गालगतच्या एका भंगाराच्या वाड्यात शिरला होता. त्याचं सांगणं खरं की खोटं, एवढंच तपासायला आम्ही त्या वाड्यात गेलो. तोफेच्या नळीचे तुकडे उसाच्या कांड्यांसारखे पडले होते. त्यांच्या मागे, ताडपत्रीखाली, कंपनीचे शिक्के घासून काढलेल्या टॉवरच्या बॅटऱ्या.

वाड्याचा मालक चांगल्या जमीनदार घरातला. चौकाचौकात त्याच्या वाढदिवसाचे फलक असायचे. संध्याकाळपर्यंत त्यानं टॉवरच्या देखभालीवरची दोन पोरं आमच्या हवाली केली, म्हणाला, मला काय माहीत माल कुठला. मी त्यालाही अटक केली. बाईचा दीर ठाण्यात येऊन गेला. माझा फोटो पेपरात आला. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हेही सांगितलं पाहिजे.

ब्रीच आम्ही संशयित मालमत्ता म्हणून जमा केली. पंचनाम्यावर म्हाताऱ्याची सही हवी होती. तो तयार होईना. म्हणाला, आधी चार्ज घ्या. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि रोज सकाळी पहाऱ्यावरच्या पोरांच्या तोंडून ऐकायचो ते शब्द स्वतः म्हणालो, "चार्ज घेतला." त्यानं कडक सलाम ठोकला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "आता च्या चालंल."

त्या दिवसापासून आमच्या ठाण्यात कुणी त्याला वेडा म्हटलं नाही.

तो बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचा. डबा पुढं करायचा आणि हवालदारांना म्हणायचा, "चार्ज तुमचा, तेल माझं." आम्ही मुद्देमाल खोली उघडून द्यायचो. चोरीच्या मोटारसायकली, दारूची पिंपं, रक्ताळलेल्या कोयत्यांच्या पुड्या, आणि त्यांच्यात बसून तो म्हातारा आटे पुसायचा. हवालदार थट्टा करायचे, बाबा, आमच्या जीपलाबी जरा लावा की. तो खरंच लावून जायचा.

मी त्याला घेऊन तो कडा पाहून आलो. काँक्रीटचे दोन गोल खड्डे, तळाशी कापलेले बोल्ट, भिंतीत कोरलेले आकडे, आणि पलीकडे हॉटेलच्या खोल्यांचा पाया. खड्डे समुद्राकडे उघडे होते. मी विचारलं, पाठीमागच्या बाजूला काय होतं? म्हातारा म्हणाला, "काय न्हाई. पाठीमागं आपलीच माणसं. तिकडं कशाला लागतोय पहारा?"

परत आल्यावर मी पत्रं लिहिली. लष्कराला, पुरातत्त्वाला, बंदराच्या कार्यालयाला. निदान ही एक ब्रीच एखाद्या दालनात ठेवा, खाली एक पाटी लावा. एकानं कळवलं, ही वस्तू आमच्या यादीवर नाही. दुसऱ्यानं कळवलं, ती पुरेशी जुनी नाही. तिसऱ्यानं कळवलं, तिची विल्हेवाट पूर्वीच लावली आहे. किल्ल्यावरच्या तोफेला आपण हार घालतो, तिच्याशेजारी फोटो काढतो. या तोफांवर उभी राहिलेली माणसंही याच मातीतली होती. पण राज्य परक्याचं होतं म्हणून त्यांचा अभिमान बाळगायचा नाही, आणि लोखंड चांगलं होतं म्हणून तोफा ठेवायच्याही नाहीत. हा असला हिशेब आपल्याला बरोबर जमतो.

भंगारवाला जामिनावर सुटला. सुटल्यावर ठाण्यात आला आणि न विचारता माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "साहेब, बॅटऱ्यांचं आमचा वकील बघंल. त्या म्हाताऱ्याकडचा आमचा एक नग तुमच्याकडं हाय, तेवढा द्या." तोफांच्या खरेदीची कागदपत्रं त्याच्याकडे रीतसर होती. त्यानं न्यायालयात अर्ज केला. मी माझं म्हणणं मांडलं. न्यायालयासमोर प्रश्न एवढाच होता की वस्तू कुणाची, आणि कागद ज्याच्याकडे त्याची ती. म्हाताऱ्यावर चोरीची फिर्याद नको असेल तर वस्तू मुकाट द्या, असं भंगारवाल्याच्या वकिलानं मला बाहेर ओट्यावर सांगितलं. आदेशात लिहिलं होतं, लोखंडी नग एक, मूळ मालकास परत करावा.

आणि ती बाई? आरोपपत्रात ती कुठंच नव्हती. बॅटरीची चोरी म्हणजे बॅटरीची चोरी. फोन लागला नाही म्हणून कुणी मेलं, तर त्याला कलम नाही. तिच्या दिराला हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुमी चोर कशाला धरला?"

ब्रीच न्यायला पिकअप आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. भंगारवाल्यानं सही केली. चार माणसं होती, उचलून सहज नेता आली असती. पण गाडीत गॅसची टाकीही होती. तो म्हणाला, इथंच कापतो, चढवायला सोपं पडंल. मी म्हणालो, माझ्या आवारात कापायचं नाही. तो हसला, आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, जिथं माझं आवार संपतं तिथं त्यानं ब्रीच ठेवली. वस्तू त्याची, रस्ता सार्वजनिक. कुठलंच कलम लागत नव्हतं. मी दारात उभा राहून कलमं आठवत होतो.

त्यातच एसटी आली. म्हातारा डबा घेऊन उतरला. निळ्या ज्योतीजवळ थोडा वेळ उभा राहिला. मग सरळ माझ्यासमोर आला.

"सही कुणी केली, साहेब?"

मी सांगितलं.

"तो तर दुश्मन."

"कागदावर मालक आहे, बाबा."

बाहेर लोखंडाचा एक तुकडा सुटून डांबरावर पडल्याचा आवाज आला. "मंजी पोस्ट पडली म्हणायची."

"हो."

त्यानं डबा माझ्या टेबलावर ठेवला. दोन पावलं मागं गेला, टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली.

"मला डिसमिस करा."

दर शुक्रवारी परेडच्या शेवटी हा हुकूम मी दिलेला होता. इतका की झोपेतही माझ्या तोंडून निघाला असता. त्या दिवशी निघाला नाही. तो उभा, मी उभा. शेवटी दारातून हवालदार आत आले. त्यांनी टोपी सरळ केली आणि मैदानावर देतात तसा मोठ्यानं आवाज दिला, "डिसमिस."

म्हातारा उजवीकडे वळला. अनवाणी पाय फरशीवर आपटला. फाटकातून जाताना त्यानं कापणाऱ्यांकडे बघितलं नाही. परतीची एसटी त्या दिवशी आलीच नाही. तो धरणाच्या काठानं चालत गेला. पुन्हा ठाण्यात आला नाही, आणि पुढचा पावसाळा त्यानं पाहिला नाही असं पंक्चरवाल्यानं सांगितलं. त्याच्या खबरा खोट्या नसत.

नवे अधिकारी भेटले की विचारतात, साहेब, त्या गाजलेल्या बॅटरीच्या केसमधून काय शिकलात? त्यांना मी हेच सांगतो, की त्या प्रकरणात कुणीही चूक केली नाही. खबर खरी होती. पंचनामा बरोबर होता. आदेश कायद्याला धरून होता. तीन कार्यालयांची तीन उत्तरं नियमानुसार होती. सगळं बरोबर होऊनही एक बाई हिशेबात आली नाही, आणि दोन पिढ्यांनी राखलेली जागा रस्त्याच्या कडेला कापली गेली. त्या तोफांची तोंडं समुद्राकडं होती. त्यांना संपवणारा डांबरी रस्त्यानं, पाठीमागून, हातात कागद घेऊन आला. आमची सगळी शिकवण समोरून येणाऱ्याला अडवायची. या माणसाला कसं अडवायचं हे मला नोकरीच्या शेवटपर्यंत कुणी शिकवलं नाही, आणि मीही शोधून काढू शकलो नाही. शिकलो म्हणायचं तर एवढंच.

माझी बदली झाली तेव्हा नव्या साहेबांना मी रीतीप्रमाणे सगळं दाखवलं. कुलपं, बंदुका, कोठडीतला आरोपी, मुद्देमाल. माझ्या खोलीत खिडकीवर तेलाचा डबा होता. म्हाताऱ्यानं ठेवला तेव्हापासून तो कुणी हलवला नव्हता.

"हा कशाचा?" त्यांनी विचारलं.

"बॅटरीचा," मी म्हणालो.

त्यांनी ती केस पेपरात वाचली होती. समजल्यासारखी मान हलवली, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. चार्ज घेतला."